तिकिटाचा दर आणि कलम १५

जुन्या चित्रपटगृहांवरचे हळवे लेखन बहुतेक बाल्कनीतून लिहिलेले असते. आम्ही पडद्यापुढच्या बाकांवरचे प्रेक्षक. तरीही ती जागा मला मोलाची वाटते. माझ्या गावात पाणवठा आणि देऊळ जात विचारीत. थिएटरची खिडकी फक्त पैसे विचारी. लालबागच्या ‘भारतमाता’त गिरणी कामगारही तिकीट काढूनच हक्काने बसला.

या हक्कामागे कुणाचे औदार्य नाही. संविधानाच्या कलम १५(२)ने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. १९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अशी अडवणूक गुन्हा ठरवली.

आता त्याच दाराला दराचे कुलूप लागत आहे. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांचे विलीनीकरण २०२२ साली जाहीर झाले, २०२३ साली पूर्ण झाले. दीड हजारांहून अधिक पडदे एका कंपनीकडे आले. स्पर्धा आयोगाकडे गेलेली तक्रार, केवळ भीतीवरून चौकशी होत नाही, या कारणाने २०२२ सालीच फेटाळली गेली.

ज्याच्या हाती पडदा, त्याच्याच हाती खेळाची वेळ. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली तालुक्याच्या थिएटरांतही गर्दीने चालला. उद्या अशा चित्रपटाला सकाळी नऊचा एकच खेळ मिळाला, तर ज्याची ती कथा आहे तो मजूर ती पाहणार कधी?

कलम १५ दराविषयी बोलत नाही. म्हणूनच परवडणारे तिकीट आणि कष्टकऱ्याच्या सोयीची वेळ या मागण्या आपल्या चळवळीने आपल्या जाहीरनाम्यात घेतल्या पाहिजेत.