जमशेटजींची तसबीर

सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांची जॉर्ज चिनेरीच्या नावाने ओळखली जाणारी तसबीर आम्ही पुस्तकातल्या छापावरूनच पाहिली आहे. शेठ बसलेले, अंगात पांढरा जामा, डोक्याला पगडी; शेजारी एक चिनी माणूस उभा. पांढऱ्या कापडावरचा उजेड चित्रकाराने मन लावून रंगवला आहे, नजर आधी तिथेच जाते. वर्गात हा छाप दाखवला तेव्हा मुलांनी मात्र पहिला प्रश्न केला तो असा : "सर, ये खड़ा हुआ कौन है?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. चित्राखालच्या ओळीत कुठे त्याला नोकर म्हटले आहे, कुठे चिटणीस. (दोहोंच्या पगारात केवढा फरक!) नाव मात्र दिलेले नाही. तो तिथे का आहे, एवढे कळते. शेठची दौलत चीनच्या व्यापारातली, हे त्याच्या असण्याने सांगितले जाते. जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. पुढे ते मुंबईतच राहिले, तरी त्यांचा कापूस आणि माळव्याची अफू कँटनकडे जात राहिली. अफूची पेटी चित्रात नाही. चिनी माणूस उभा करून चित्रकाराने ती सुचवली आहे आणि झाकलीही आहे. चित्राचे यश आणि अपयश आम्हांला इथेच दिसते.

आमच्या वाचकांना आणखी एक जागा रिकामी वाटेल. जमशेटजींच्या व्यापारात जैन मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोघे हे भागीदार होते. रोघे जहाजांचे मालक. मुंबईच्या व्यापाराचा इतिहास सांगताना हे नाव गाळले की आपल्या सभा-संमेलनांत तक्रार होते, आणि ती रास्त आहे. पण रोघे यांना चौकटीत आणायचे तर अफूची पेटीही सोबत आणावी लागेल. ती तयारी आपल्या लेखनात फारशी दिसत नाही. बुजुर्गांची जहाजे आपण अभिमानाने मोजतो. त्यांत माल कोणता भरला होता, हे विचारायचे राहून जाते.

१८४५चे जे. जे. रुग्णालय आणि १८५७ची कलाशाळा जमशेटजींच्याच देणगीतून उभी राहिली. तो दानधर्म खोटा नव्हता. आमच्या गोंदियाकडेही धानाच्या, विडीच्या व्यापाऱ्यांच्या तसबिरी भिंतींवर असतात, हार घातलेल्या, एकट्या. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायांपैकी कुणी त्यांत नसते. या चित्रात निदान एक माणूस शेठजवळ उभा आहे, म्हणून तर मुलांना विचारता आले.