ट्रक वळवला, पण कुणाच्या दारावरून?

संशोधनाचा विषय शोधत असताना परदेशातला एखादा नेटका आराखडा हाती लागतो आणि वाटतं, झालं काम! हा आपल्या जिल्ह्यावर बसवला की एक प्रकरण तयार. माझंही अगदी तसंच झालं होतं. म्हणून आज अशाच एका आराखड्याची चिकित्सा करू या. तो वाईट आहे म्हणून नाही. चांगला आहे, म्हणूनच तो कुठे अडतो ते नीट बघायला हवं.

हा आराखडा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला. खेळाडू आणि अधिकाऱ्यांसाठी तेव्हा सुमारे १०९ मैलांचं खास रस्त्यांचं जाळं आखलं होतं. मग दुकानांचा, हॉटेलांचा, कारखान्यांचा माल कसा पोचणार? लंडनच्या वाहतूक खात्याने व्यापाऱ्यांना चार सूत्रं दिली : फेऱ्या कमी करा, वेळ बदला, मार्ग बदला, साधन बदला. चारही गोष्टी लक्षात राहायला सोप्या. मोठी जमेची बाजू म्हणजे मालवाहतूकदारांना आधीपासून चर्चेत घेतलं, नुसता बंदीचा फलक लावला नाही. शहरी मालवाहतुकीवर वाचायला लागाल तेव्हा ही चौकट तुम्हाला भेटेलच.

आता ही चौकट घेऊन आपण विसापूरला येऊ. चंद्रपूर आणि बल्लारपूरच्या मधल्या विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात १९ वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. देशभरातून पोरं आली होती. त्या आयोजनाला गुण द्यायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. अशी स्पर्धा अशा जागी भरते, तेव्हा लंडनची चार सूत्रं किती टिकतात?

जागा कशी आहे बघा. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आणि खाणीतल्या सुरुंगांसाठी लागणारी स्फोटकं. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, राजुरा-कोरपना बाजूला सिमेंटचे कारखाने, उत्तरेला भद्रावतीला आयुधनिर्माणी. इथला माल म्हणजे ब्रेडचे ट्रे आणि थंड पेयांच्या पेट्या नव्हेत.

पहिलं सूत्र, फेऱ्या कमी करा. म्हणजे स्पर्धेआधी साठा करून ठेवा. हॉटेलवाल्याने तेल-तांदूळ भरून ठेवला तर काही बिघडत नाही. क्लोरीनचं काय? धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनचा साठा १० टनांवर गेला की जबाबदाऱ्या वाढतात, २५ टनांवर गेला की आणखी वाढतात. पाणी शुद्ध करायला वापरतात त्या एका मोठ्या टाकीत साधारण ९०० किलो क्लोरीन असतो. अशा ९ टाक्या असलेल्या ठिकाणी 'चार दिवस गाडी येणार नाही' म्हणून आणखी ३ ठेवल्या, की १० टनांची रेषा ओलांडली! रस्त्यावरचा धोका नाहीसा झाला नाही, गोदामात जाऊन बसला.

दुसरं सूत्र, वेळ बदला. लंडनमध्ये याचा अर्थ होता, आवाज न करता रात्री माल उतरवा. इथे रात्र रिकामी नसते. ताडोब्याच्या भोवतालच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री जनावरं फिरतात. शिवाय २००२ च्या पेट्रोलियम नियमांनुसार पुरेशी विजेची रोषणाई नसेल, तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात टँकर भरता-उतरवता येत नाही. म्हणजे कागदावर 'रात्री' असं लिहिलं, तरी टँकर पोचल्यावर सकाळपर्यंत उभाच राहायचा.

चौथं सूत्र आधी घेतो, साधन बदला. चंद्रपूर जिल्ह्यात रेल्वे आहे, बल्लारशा तर मोठं जंक्शन. गडचिरोलीत मात्र रेल्वे शिवते ती उत्तर टोकाच्या देसाईगंजला, म्हणजे वडशाला. एटापल्ली-आलापल्लीच्या माणसाला 'साधन बदला' म्हणणं म्हणजे थट्टाच. आणि रेल्वे म्हणजे निर्धोक असंही नाही. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघ गाडीखाली येऊन मेले आहेत.

राहिलं तिसरं सूत्र, मार्ग बदला. माझी खरी तक्रार याच्याशी आहे.

धोकादायक मालाचा मार्ग ठरवताना सर्वांत सरळ हिशेब असतो अपघाताची शक्यता गुणिले रस्त्याकडेची लोकसंख्या. समजा, शहरातून जाणारा मार्ग २० किलोमीटरचा आहे आणि दर किलोमीटरला २,००० माणसं राहतात. गुणाकार ४०,०००. जंगलातून वळसा ६० किलोमीटरचा, दर किलोमीटरला २०० माणसं. गुणाकार १२,०००. (आकडे काल्पनिक आहेत, आणि दर किलोमीटरला अपघाताची शक्यता दोन्हीकडे सारखी धरली आहे.) उत्तर लगेच मिळतं, टँकर जंगलातून न्या.

पण वळशावरच्या गावात अग्निशमन गाडी यायला किती वेळ लागेल? दवाखान्यात भाजलेल्या माणसावर उपचार होतील का? उशिरा मिळालेल्या मदतीमुळे तिथलं नुकसान चौपट होतं असं धरा. १२,००० चे झाले ४८,०००. आता शहराचा मार्ग बरा ठरला! स्पर्धा सुरू असताना मैदानाजवळ १५,००० जादा माणसं जमली, तर शहराचा आकडा ५५,००० होतो आणि पारडं पुन्हा वळशाकडे झुकतं. मैदान रिकामं झालं की परत शहराकडे. म्हणजे 'चार दिवस मार्ग बदला' हे उत्तरच चुकीचं होतं. उत्तर तासागणिक बदलतं. गर्दीच्या तासांत टँकर सुटूच नये आणि बाकीच्या वेळी त्याने नेहमीचाच रस्ता धरावा, हे जास्त शहाणपणाचं.

गर्दीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ११ जुलै १९७८ ला स्पेनमध्ये लॉस अल्फाकेस इथे सुट्टीच्या तंबूंनी भरलेल्या जागेशेजारी प्रोपिलीनचा टँकर पेटला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पण ही भीती आहे, म्हणून धोका ज्यांचा आवाज कमी त्यांच्याकडे ढकलायचा का?

या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी हे ओळखलेलं आहे. एर्कुट आणि व्हर्टर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की धोका मोजायची रीत बदलली की 'सर्वोत्तम' मार्गही बदलू शकतो. त्याआधी १९९० मध्ये गोपालन, कोल्लुरी, बट्टा आणि कारवान यांनी धोक्याची न्याय्य वाटणी हा मुद्दा गणितात आणला. क्रीडा स्पर्धांच्या वाहतूक आराखड्याची चार सूत्रं मात्र हा प्रश्न विचारतच नाहीत. त्यांत मालवाहतूक म्हणजे खेळाच्या वाटेतला अडथळा, तो बाजूला सारायचा, एवढंच. स्पर्धेलाच लागणारा माल धोकादायक असतो, हेही विसरलं जातं. हजारो मुलांचा स्वयंपाक १९ किलोच्या गॅस सिलिंडरांवर होतो, जनरेटर डिझेलवर चालतात.

आणखी एक गंमत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर वाहनबंदी घालता येते. बंदी महिन्याहून जास्त असेल तर राजपत्रात छापावी लागते, त्याहून कमी असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. स्पर्धा असते चार-पाच दिवसांची. म्हणजे बातमी स्थानिक वर्तमानपत्रात, आणि चालक येतोय तेलंगणातून!

बामणी फाट्यावर चहा पिताना एका टँकरचालकाला मी हे सगळं समजावत होतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "थांबवता तं थांबवा जी, पण भरलेली गाडी लावू कुठं?" माझ्या तक्त्यात चार रकाने होते, गाडी उभी करायला एकही नव्हता. बंदीच्या वेळी भरलेले दहा टँकर एखाद्या धाब्यासमोर ओळीने उभे राहिले, तर तो धाबा आणि त्यामागची वस्ती कुठल्या हिशेबात धरायची?

त्याच महिन्यात माझ्या मार्गदर्शकांनी तक्ता बघून एवढंच विचारलं होतं, "हा वळसा कुणाच्या दारावरून जातो?" मी नकाशा उघडला. गावांची नावं वाचली. दोन आठवडे पुढे काही लिहिता आलं नाही.

शेवटी एक सावधगिरी. सुरजागडचं लोहखनिज कायद्याच्या अर्थाने 'धोकादायक माल' नाही. तरी आलापल्ली-आष्टी रस्त्यावर राहणाऱ्या बाईला ते धोकादायक वाटतं का, हे तिलाच विचारा. कायद्याची यादी ही तुमच्या अभ्यासाची सुरुवात आहे, कुंपण नाही.

तेव्हा तुमच्या प्रस्तावात परकी चौकट जरूर वापरा. फक्त तिच्या प्रत्येक सूत्रापुढे तीन रकाने वाढवा : धोका कुठे सरकला, कुणाकडे सरकला, आणि त्याला विचारलं का? तिसरा रकाना भरायला ग्रंथालय पुरत नाही. त्यासाठी बामणी फाट्यावर उतरावं लागतं.