‘पाणी उकळून प्यावे’ : एवढे पुरेसे आहे?

पावसाळा आला, की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक वाक्य हमखास दिसते : ‘नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे.’ वाक्य चुकीचे नाही. पण पाणी खरोखर दूषित होते, त्या दिवशीही हेच वाक्य लागते. रोजच्या सावधगिरीची आणि संकटाची भाषा एकच असेल, तर वाचणाऱ्याने संकट ओळखायचे कसे?

बीड जिल्ह्यापुरती ही सूचना तपासून पाहू. बीड शहरात उन्हाळ्यात नळाला कित्येकदा आठ-पंधरा दिवसांनी पाणी येते. म्हणजे घरात प्यायले जाते ते पिंपात साठवलेले, मागच्या आठवड्याचे पाणी. शिवाय नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. म्हणून कोणत्या भागात, कोणत्या तारखेला सोडलेले पाणी वापरू नये, हे सूचनेत असायलाच हवे.

दुसरा प्रश्न, पाण्यात नेमके काय आहे? उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट व फ्लोराइड मात्र जात नाहीत. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते. बीडच्या भूजलात काही ठिकाणी हे दोन्ही मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहेत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचे वरचे दूध कालवणे धोक्याचे असते. अशा विहिरीबाबत ‘उकळून प्या’ म्हणणे हा आईला दिलेला खोटा दिलासा ठरतो.

तिसरी उणीव ‘घाबरू नये’ या शब्दांत आहे. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकर्टन गावात मुसळधार पावसाने शेणातले जिवाणू विहिरीत उतरले. पाणीपुरवठा खात्याने आरोग्य खात्याला ‘पाणी ठीक आहे’ असे सांगितले. पुढे पाणी उकळण्याचा इशारा निघाला, पण तो स्थानिक रेडिओपुरताच राहिल्याने अनेकांच्या कानी वेळेवर पडला नाही. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात ‘गुलियन बारे सिंड्रोम’चे रुग्ण वाढले, तेव्हा दोष पाण्याचा की अर्धवट शिजलेल्या कोंबडीचा, अशी उलटसुलट चर्चा झाली. नेमकी माहिती उशिरा आली, की तिची जागा तर्क घेतात. ‘कारण अजून शोधत आहोत, तोवर हे करा, उद्या अमुक वाजता पुन्हा सांगू’ एवढे प्रामाणिकपणे सांगितले, तर लोक घाबरत नाहीत, विश्वास ठेवतात.

आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे. स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. निरक्षरालाही कळेल अशी ही भाषा आहे. पण कार्ड पंचायतीला मिळते. तो रंग विहिरीवर दिसला, तरच पाणी भरणाऱ्या बाईला त्याचा उपयोग.

इथे शाळा बरेच काही करू शकते. गावच्या जलसुरक्षकाला वर्गात बोलवा आणि क्लोरोस्कोपने होणारी ओटी चाचणी मुलांना पाहू द्या. पाण्याला पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाशी तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. मग फळ्यावरची सूचना मुलांकडून नव्याने लिहून घ्या : कोणते पाणी, कधीपासून, काय बिघडले, काय करायचे, पुढची खबर केव्हा. या पाच प्रश्नांची उत्तरे नसलेल्या सूचनेने कार्यालयाची जबाबदारी संपेल. गावाचे रक्षण होणार नाही.