दूरभिंग आणि दृष्टी

चित्रकाराच्या चित्रापुढे उभे राहून 'कुंचला कोणत्या कंपनीचा?' असे कोणी विचारीत नाही. मैफलीतून उठताना तंबोरा मिरजेचा होता की नाही, याची चौकशीही एखादाच करतो. छायाचित्राचे नशीब मात्र निराळे. प्रदर्शनात भिंतीवर टांगलेल्या चित्रापाशी माणूस थांबतो, 'वा!' म्हणतो, आणि लगेच शेजारी उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला विचारतो, "लेन्स कुठली?" उत्तर येते, "सहाशे." प्रश्नकर्त्याचे समाधान होते, आणि चित्राची समीक्षा तेवढ्यावर आटोपते.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या हौशी मंडळींत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचा एकदा नीट समाचार घ्यावा असे वाटू लागले. पाडव्याच्या मुहूर्तावर ज्या घरी पूर्वी रेडिओ येत असे, त्या घरी आज कॅमेऱ्याची भाषा चालते. आणि कॅमेरा आला की वर्षाच्या आत लांब भिंगाचा ध्यास लागतो. त्याला कारणही आपल्या दारातच आहे. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात. नोव्हेंबरच्या सुमारास ते येऊ लागतात आणि मे महिन्यापर्यंत राहतात. काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली रामसर करारान्वये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय मान मिळाला. एवढे गुलाबी वैभव लोकलच्या अंतरावर असताना कोणाचे बोट कळीवर जाणार नाही?

तेव्हा हा लेख भिंगांविषयी आहे. परंतु तो दुकानदाराच्या बाजूने लिहिलेला नाही. तो चित्राच्या बाजूने आहे.

आधी हत्यार पाहू. टेलिफोटो भिंगाची युक्ती जुनी आहे. १८९१ साली इंग्लंडात डॅलमायर यांनी असे भिंग सिद्ध केले. पुढे प्रकाश एकवटणारा काचांचा गट आणि मागे तो किंचित पसरवणारा गट, अशी मांडणी केली की भिंगाचे केंद्रांतर त्याच्या नळीपेक्षा मोठे होते. सोनीचे २०१९ साली आलेले २०० ते ६०० मिलिमीटरचे झूम घ्या. त्याची नळी ३१८ मिलिमीटरची आहे. म्हणजे हातभराच्या आतल्या वस्तूत सहाशे मिलिमीटर मावले आहेत. झूम हा त्यावरचा पुढचा कळस. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली 'झूमार' या नावाने आणले. त्याची मजल ३६ ते ८२ मिलिमीटर. आज ती कोणी मजल म्हणणार नाही. पण एका जागी उभे राहून चौकट लहानमोठी करण्याची चैन त्याने स्थिरचित्र काढणाऱ्याला दिली.

'चौकट लहानमोठी करणे' हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. लांब भिंग पक्षी जवळ आणते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ते असले काही करीत नाही. ते चौकट लहान करते. पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद संवेदकावर हिशेब अगदी पाढ्यासारखा आहे. शंभर मीटरवरच्या दृश्यातून ५० मिलिमीटरचे भिंग ७२ मीटर रुंदीचा तुकडा उचलते, २०० मिलिमीटरचे १८ मीटरचा, आणि ६०० मिलिमीटरचे अवघा ६ मीटरचा. या शेवटच्या चौकटीची उंची ४ मीटर होते, आणि छोटा रोहित उभा राहिला तर ८० ते ९० सेंटिमीटर भरतो. म्हणजे शंभर मीटरवर सहाशेचे भिंग लावूनही पक्षी चौकटीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो. ज्याने या आशेने दोन लाख मोजले की आता पक्ष्याचा डोळा कागदभर येईल, त्याने हा त्रैराशिकाचा हिशेब आधी करावा.

आणि मधली हवा? ती जागची हलत नाही. चिखलाचे पट्टे उन्हाने तापले की त्यांच्यावरची हवा थरथरू लागते, आणि तो थरथराट सहाशेचे भिंग इमानेइतबारे सहाशेच्या मानाने मोठा करून दाखवते. सकाळी साडेसातला मध्यम भिंगाने काढलेले चित्र दुपारी बाराला दहा लाखांच्या भिंगाने काढलेल्या चित्रापेक्षा स्वच्छ येते, यात चमत्कार काही नाही. उलट, भरती चढू लागली की चिखल आकसतो आणि चरणारे पक्षी आपण होऊन काठाकडे सरकतात. भरती-ओहोटीचे कोष्टक हे माझ्या मते जगातले सर्वांत स्वस्त दूरभिंग आहे. ते ऐरोलीला चालते, शिवडीलाही चालते, आणि त्याला बुरशी लागत नाही.

बुरशीचा उल्लेख विनोदासाठी केलेला नाही. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत कपाटात, चामड्याच्या पिशवीत, जपून ठेवलेले भिंग सर्वांत आधी बिघडते. त्याला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून उजेड लागतो. भिंगाच्या किमतीत हा डबा धरावा. लोणच्याच्या बरणीची काळजी घेणाऱ्या घराला ते अवघड नाही.

आता उजेडाचा प्रश्न. सहाशे मिलिमीटरवर एफ ४ इतके उघडणारे भिंग आणि एफ ६.३ पर्यंतच उघडणारे झूम यांत प्रकाशाचा फरक सुमारे अडीच पट. त्या अडीच पटीसाठी पुढची काच दीडशे मिलिमीटर व्यासाची लागते, वजन तीन किलोंवर जाते आणि किंमत दहा लाखांच्या पलीकडे. निकॉनचे १८० ते ६०० किंवा सोनीचे २०० ते ६०० हे झूम दोन किलोंच्या आसपास भरते आणि साधारण दीड-दोन लाखांत येते. दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कुठे उभे राहणार, हा खरा प्रश्न. खाडी उजेडाच्या बाबतीत उदार आहे. उघडे आकाश, चकाकते पाणी, फिकट रंगाचे पक्षी. तिथे एफ ६.३ पुरून उरते. येऊरचे जंगल मात्र कंजूष. पावसाळी ढगाखाली, दाट पानांत बसलेला स्वर्गीय नर्तक टिपायचा तर ती अडीच पट पैशापैशाने वसूल होते. कल्याणच्या दुर्गाडीखालची खाडी ठाण्याच्याच उदार घराण्यातली. आणि दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नव्या कपड्यांतली जी तरुणाई लोटते, तिच्यासाठी तर पस्तीस मिलिमीटरचे लहानसे भिंग पुरे. तिथे सहाशेचे भिंग काढणाऱ्याला चार पावले मागे सरायलाही जागा नाही.

वजनाचे शास्त्र कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ते सकाळच्या लोकलमध्ये असते. कॅननचे १०० ते ५०० मिलिमीटरचे झूम तिपाईच्या कड्याशिवाय चौदाशे ग्रॅमच्या आत भरते. शेवटचे शंभर मिलिमीटर सोडून दिल्याबद्दल खांद्याने मानलेले ते आभार आहेत. जे भिंग जड म्हणून घरी राहते, त्याचे केंद्रांतर शून्य समजावे. म्हणून माझा सल्ला असा की, मोठे भिंग आधी एक-दोन रविवार भाड्याने आणावे, ते घेऊन जिना चढावा-उतरावा, गाडीत उभे राहावे, आणि मग पैशाचे बोलावे. घरच्या जमाखर्चाला धक्का लागायचाच असेल तर तो पुरेशा माहितीनिशी लागावा.

इथपर्यंत हत्याराची परीक्षा झाली. आता चित्राची.

ठाणे खाडीच्या चित्रांच्या मला ठळक अशा तीन जाती दिसतात. पहिली तसबिरीची. एकच पक्षी, मानेचा डौलदार बाक, आणि मागे सगळे लोण्यासारखे वितळलेले. या चित्रात कौशल्य असते, पण त्यातला पक्षी ठाण्याचा आहे, कच्छचा आहे की केनियातल्या नाकुरू सरोवराचा, हे चित्र सांगत नाही. लग्नाच्या स्थळासाठी स्टुडिओत काढलेल्या फोटोत मुलीचे घर दिसत नाही, तसेच हे. एखादा फोटो असा असावा. सगळे प्रदर्शन असे असले की ते पक्ष्यांचे वधुवरसूचक मंडळ होते.

दुसरी जात विरोधाभासाची. उडती गुलाबी रांग आणि मागे भिंतीसारखे उभे टोलेजंग मनोरे. दूर उभे राहून दूरच्याच वस्तू टिपल्या की त्यांच्यातले अंतर दबून जाते. मनोरे पक्ष्यांच्या पाठीवर बसल्यासारखे भासतात. प्रेक्षक लगेच हळहळतो: बिचारा निसर्ग, दुष्ट शहर! ही हळहळ मला फार स्वस्त वाटते. छोटा रोहित जगतो तो सूक्ष्म शेवाळावर. आणि या खाडीत ते शेवाळ माजण्यामागे शहराच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्येही आहेत, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या मनोऱ्यांना आपण चित्रात खलनायक केले, त्यांच्याच मोऱ्यांशी या पक्ष्याच्या ताटाचा संबंध आहे. सत्य असे गुंतागुंतीचे असताना चित्राने सोपे उत्तर द्यावे, हा कलेचा दोष आहे, भिंगाचा नव्हे.

तिसरी जात विरळ. ती शंभर-दोनशे मिलिमीटरवर, म्हणजे झूमच्या तुच्छ मानलेल्या टोकाला मिळते. तिच्यात तिवरे असतात, चिखलावरची चकाकी असते, विजेच्या तारा असतात, होडी ढकलणारा कोळी असतो, आणि रोहित म्हणजे या सगळ्यांतून ओढलेली एक गुलाबी रेघ. हे चित्र पाहणारा प्रथम 'वा!' म्हणत नाही. तो थांबतो, आणि मग विचारतो, "हे कुठले?" माझ्या लेखी ही फार मोठी दाद आहे.

मद्रासचे एम. कृष्णन यांची इथे आठवण होते. 'स्टेट्समन'मध्ये १९५० पासून १९९६ साली निधन होईपर्यंत ते निसर्गावर लिहीत राहिले आणि कृष्णधवल चित्रे काढीत राहिले. वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून बनवलेल्या आपल्या कॅमेऱ्याला त्यांनी 'सुपर पाँडेरोसा' असे भारदस्त नाव दिले होते. त्या जोडकामाने आज कोणाला मत्सर वाटणार नाही. प्राणी कुठे राहतो आणि काय करतो, हे जाणणाऱ्या त्यांच्या डोळ्याचा मात्र जरूर वाटावा.

लांब भिंगाची एक बाजू न्यायाने सांगितली पाहिजे. ते पक्ष्याला त्याच्या जागी राहू देते. पूर्वी छायाचित्रकार घरट्यापाशी आडोसा बांधून बसत. लोक वान थो यांचे १९५७ सालचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे पुस्तक त्या युगातले. आज घरट्याजवळ जाणे शहाणी माणसे टाळतात, आणि ते शक्य झाले याचे मोठे श्रेय दूरभिंगालाच आहे. पण ज्याच्या हाती सहाशे आहे, तोच होडीवाल्याला "अजून थोडे जवळ" म्हणतो, थवा उडतो, आणि त्या उडण्याचे चित्र बक्षिसाला जाते, तेव्हा हे श्रेय धुऊन निघते. ओहोटीने ठरवून दिलेल्या थोड्या वेळातच या पक्ष्यांना पोट भरायचे असते. सगळ्या माना एकाच दिशेला, होडीच्या उलट ताणलेल्या असल्या की ते चित्र भीतीचे आहे, हे परीक्षकांना ओळखता आले पाहिजे. अशा चित्राला मी बक्षीस देणार नाही, मग ते कितीही रेखीव असो.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेले वाचक म्हणतील. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर रोहितांचा एक थवा उतरत्या विमानावर आदळला, आणि तीसहून अधिक पक्षी वस्तीत मरून पडले. हे पक्षी कोणत्या पाणथळीतून उठले, कुठे चालले होते, त्यांच्या वाटेत काय बदलले, असे प्रश्न मग विचारले जातात. त्या वेळी वितळलेल्या पार्श्वभूमीची हजार चित्रे मुकी ठरतात. पाणी कुठवर होते, तिवरे कुठवर होती, भराव कुठून सुरू झाला, हे ज्यात दिसते असे एखादेच चित्र, तारखेसह, साक्षीला उभे राहू शकते. खाडीला आज देखण्या चित्रांची वाण नाही. तिला साक्षीदार हवे आहेत.

तेव्हा या पाडव्याला भिंग अवश्य घ्यावे. शक्य तर झूमच घ्यावे, कारण त्यात पश्चात्तापाला जागा असते: सहाशेवरून दोनशेवर येण्यासाठी मनगटाचा एक अर्धा वळसा पुरतो. पक्ष्याची तसबीर मनसोक्त काढून झाली की तो वळसा घ्यावा, आणि पक्ष्याचे घरही चौकटीत येऊ द्यावे. दुकानात त्या वळशाची वेगळी किंमत लावीत नाहीत.