अळणी उगालीची बाजू

केनियातल्या बीफ-उगालीबद्दल बोलताना सगळे रश्श्यापासून सुरुवात करतात. साहजिकच आहे, वास त्याचा येतो, रंग त्याचा दिसतो. मला मात्र या ताटातली खरी करामत उगालीत दिसते. पांढऱ्या मक्याचं पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, तेल-तूप नाही. पहिल्यांदा खाणारा मराठी माणूस नुसत्या उगालीचा घास तोंडात टाकतो आणि म्हणतो, मीठ राहिलं वाटतं. राहिलेलं नसतं. मीठ शेजारच्या रश्श्यात आहे आणि दोघांचा हिशोब एकत्र मांडायचा आहे.

या रश्श्याला नैरोबीकडे करांगा म्हणतात. सामग्री इतकी मोजकी की आपल्याकडच्या मटणाच्या वाटणावर वाढलेल्या माणसाला संशय यावा. हाडासकट मांसाचे तुकडे, कांदा, भरपूर टोमॅटो, मीठ, शेवटी कोथिंबीर. आलं-लसूण कुणी घालतं, कुणी नाही. मिरची हवी त्यानं वेगळी घ्यावी. किनाऱ्याकडे, मोम्बासाच्या बाजूला, नारळाचं दूध आणि मसाले येतात, पण तो वेगळ्या घराण्याचा रस्सा झाला. मी बोलतोय ते उंचावरच्या, थंड हवेतल्या, साध्या रश्श्याबद्दल.

त्यात आपला वाटा अगदीच नाही असं नाही. कोथिंबिरीला तिथे धनियाच म्हणतात आणि ताटात बाजूला येणारा कांदा-टोमॅटो म्हणजे कचुंबरी. हिंदी महासागरातला व्यापार जुना, त्यात 1896 ते 1901 या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेलेले, बहुतेक पंजाबातले. मागून दुकानदार आले, गोव्याचे कारकून आणि आचारी आले. चपाती आणि समोसा केनियानं पूर्ण आपलेसे केले. उगालीला मात्र कुणी हात लावला नाही.

करांग्याची पद्धत बघण्यासारखी आहे. अनेक घरांत मांस आधी परतत नाहीत. मीठ आणि थोडं पाणी घालून ते शिजू देतात, पाणी आटलं की मग तेल आणि कांदा, आणि त्यावर टोमॅटो पार विरघळेपर्यंत. म्हणजे भाजल्याची चव सुरुवातीला नाही, मध्यावर येते, तीही कांद्याच्या सोबतीनं. शिवाय नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच. पाणी तिथे 94 अंशांच्या आसपासच उकळतं. गुरं कुरणात चरलेली, मांस चिवट. कोळशाच्या जिकोवर, म्हणजे शेगडीवर, ते दोन-दोन तास रटरटतं. पण या रेंगाळण्यातच हाडाजवळच्या शिरा-पडदे विरघळतात आणि रश्श्याला बोटावर चढणारा किंचित चिकटपणा येतो. पाकिटातला मसाला घालून तो दाटपणा पाच मिनिटांत आणता येतो, कारण त्यात स्टार्च असतो. हल्ली घरोघर तेच चालतं. माझ्या मते तिथे रस्सा हरतो. स्टार्चनं दाटलेला रस्सा उगालीवर नुसता बसून राहतो, आत शिरत नाही.

आता उगाली. पसरट बुडाची, बिनदांड्याची ॲल्युमिनियमची सुफुरिया, तीत पाणी उकळायला ठेवलेलं. आधी मूठभर पीठ घालून पेज करून घेतात. पेजेला बुडबुडे आले की बाकीचं पीठ, आणि मग म्विको हा चपटा लाकडी उलथणा हातात घेऊन खरं काम सुरू होतं. आपण मोदकाची उकड झाकण ठेवून वाफेवर सोडतो, इथे सुटका नाही. गोळा भांड्याच्या कडेवर दाबायचा, दुमडायचा, पुन्हा दाबायचा, म्हणजे आत कोरडं पीठ लपून राहत नाही. भांडं सरकू नये म्हणून दुसऱ्या हातानं फडक्यात धरलेलं. दंड भरून येतात. गोळा कडा सोडू लागला आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजल्या कणसाचा वास आला की झालं. आच कमी करून थोडा वेळ तसाच ठेवतात आणि मग ताटावर उपडा करतात. बुडाशी पापुद्र्यासारखी खरपुडी उरते, तिच्यावर पोरांची भांडणं.

खायचं हातानंच. उजव्या हातानं लिंबाएवढा तुकडा तोडायचा, तळव्यात दोनदा फिरवायचा, अंगठ्यानं मधे खळगा पाडायचा. त्या खळग्यात रस्सा भरतो आणि मांसाचा धागा त्याच्या कडेनं पकडता येतो. घासाची चव तीन टप्प्यांत उलगडते: आधी टोमॅटोचा आंबटपणा आणि मीठ, मग मांस, आणि चावता चावता मागून मक्याचा बारीक गोडवा. उगालीत चिमूटभर मीठ पडलं तर हा शेवटचा टप्पा बुजून जातो. काही मोठ्या हॉटेलांत उगालीत लोणी-मीठ घालून चमच्याबरोबर वाढतात. पाहुण्याची सोय होते, पदार्थाची नाही.

उगालीचा हा पांढरेपणाही फार जुना नाही. मका अमेरिकेतून आलेला. त्याआधी तिथे ज्वारी-नाचणीचीच घट्ट उगाली होती. नाचणी तर मूळची याच पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, आपल्याकडे तीच तिथून आली. पांढऱ्या मक्यानं वसाहतकाळात जम बसवला आणि 1964 मध्ये किटाले इथला संकरित मका आल्यावर तो शेतोशेत पोचला. 1984 च्या दुष्काळात बाहेरून पिवळा मका आला. तो पोटासाठी खाल्ला, पण लोकांच्या मनातून उतरलेलाच राहिला. पिठाच्या दोन किलोच्या पाकिटाचा भाव हा तिथे निवडणुकीचा विषय असतो. 2017 मध्ये, मतदानाच्या तीन महिने आधी, सरकारनं अनुदान देऊन तो 90 शिलिंगांवर आणला होता. पश्चिम केनियात नाचणी-ज्वारीची तपकिरी उगाली अजून मिळते. तिला स्वतःची चव आहे, म्हणून मला ती माशाबरोबर जास्त आवडते. करांग्याबरोबर पांढरीच हवी.

महाराष्ट्रात 2015 पासून बैलही कापता येत नाही, तेव्हा इथे करायचा तर म्हशीचं मांस. ते आणखी थोडा वेळ मागतं. पीठ पांढऱ्या मक्याचं शोधावं आणि जरा जाडसर असावं. कॉर्नफ्लोअर घेऊन बसू नये, त्याची खळ होते.

बटाट्याचं काय, हा वाद केनियातही आहे. पुष्कळ घरांत रश्श्यात बटाटा आणि गाजर असतातच, मांस पुरवठ्याला येतं. पण बटाटा मीठही पितो आणि दाटपणाही देतो, म्हणजे उगालीची अर्धी जागा खातो. घालायचाच तर शेवटच्या वीस मिनिटांत मोठ्या फोडी घालाव्यात, आणि उतरवण्याआधी मीठ पुन्हा चाखावं.