तहानलेला येशू आणि वामनाचा पाय

मूलच्या आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, येशू म्हणजे ख्रिस्ती लोकांचा अवतारच ना?" प्रश्न भाबडा होता. पण मराठी भाषेतच एक फास आहे आणि तो या पोराने नकळत माझ्यापुढे धरला.

ख्रिस्ती सिद्धान्त अवताराचा नाही. इ. स. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने ठरवले की येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही आहे. स्वभाव दोन, व्यक्ती एक. त्या दोहोंची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. येशूचे शरीर हा नुसता आभास होता, असे म्हणणाऱ्यांना चर्चने त्याच्या फार आधीच पाखंडी ठरवले होते. आपल्याकडे मात्र देवाची भूक ही लीला असते आणि वामनाचे ठेंगणेपण हे कपट असते. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातली मराठी अतिशय गोड आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तिथे स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. वैकुंठ हा शब्द एकटा येत नाही, आपल्याबरोबर विष्णूला घेऊन येतो.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहा. भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी असून हा आपल्याकडे पाणी मागतो, याचे तिला नवल वाटते. त्याच्याजवळ पोहरासुद्धा नाही. ही तहान खरी नसेल तर सगळा प्रसंग नाटक ठरतो. लहानपणी माझ्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. भांड्याला हात लागू नये म्हणून ओतणारी बाई दोन पावले मागे सरकून उभी राहायची. माझी तहान लीला नव्हती. १९२७ साली महाडला तळ्यावर गेलेल्यांचीही नव्हती. उच्च मानलेल्याने नीच मानलेल्या बाईच्या भांड्यातले पाणी मागावे, हे मी आमच्या गावात कधी पाहिले नाही.

जोतीरावांनी येशूची ही माणूसपणाची बाजू नेमकी हेरली. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मराठी माणसाला ठाऊक असलेल्या कथेत अवतार वामनाचा आहे आणि बळी त्याच्या पायाखाली आहे. येशूला अवतार म्हटले की आपण त्याला पाय ठेवणाऱ्याच्या बाजूला नेतो. फुल्यांनी त्याला पायाखालच्यांत ठेवले.

१९८० च्या दशकात दलित ईश्वरविद्या मांडताना अरविंद निर्मल यांनी आणखी पुढची झेप घेतली. येशूचे दलितपण हीच त्याच्या देव-मनुष्य ऐक्याची किल्ली, असे ते म्हणाले. त्यांचा देव सेवक आहे. लोकांची धुणी धुणारा, मैला उचलणारा आहे. ही मांडणी धाडसी आहे, आणि ती वाचून मी हललो होतो. तरीही माझी हरकत आहे. योहानाच्याच तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, मग वस्त्रे अंगावर घेऊन परत जेवायला बसतो. माझ्या आजोबांना परत जाऊन बसायला पंगत नव्हती. निवडलेली सेवा आणि लादलेली सेवा यांना एकच प्रकाशवलय दिले, तर मैल्याची पाटी फेकून द्यायला सांगणाऱ्या चळवळीचे काय करायचे?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात येशूच्या देवपुत्रत्वाच्या दाव्याशेजारी बुद्धाला उभे केले. बुद्धाने स्वतःसाठी तसली जागा राखली नाही. तो मार्ग दाखवणारा, मोक्ष देणारा नव्हे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला आणि १६ तारखेला आमच्या चंद्रपूरला धम्मदीक्षा झाली. त्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत देवाचा अवतार नाकारला आहे आणि बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा प्रचारही नाकारला आहे. तेव्हा खाल्सेदोनच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी स्वीकारू शकत नाही. दुसरा अर्धा भाग मात्र मला सोडवत नाही. देव म्हणून पुजल्या गेलेल्या माणसाचा घाम खरा होता, हे सांगण्यासाठी त्या लोकांनी शतकानुशतके वाद घातला.

हे सारे मी वर्गात सांगितले. पुढच्या रविवारी तोच पोरगा दुसरा प्रश्न घेऊन आला. "सर, आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोपुढे नारळ फोडतात. ते काय मग?"

त्या वस्तीत माझेही घर आहे. त्याला उत्तर मी अजून दिलेले नाही.