जुन्या जमिनीवरचे नवे शेर

आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजला. त्या दौऱ्यात बँडचे विमान चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता. 'सेनजुत्सु' हा याच बँडचा 2021 मधला सतरावा अल्बम. गाणी दहा, अवधी सुमारे 82 मिनिटे.

यात नवीन काय, असे विचारले जाते. गझलेच्या रसिकाला हा प्रश्न पडू नये. रदीफ, काफिया, बहर ठरलेलेच असतात; शायराचा कस शेरात लागतो. स्टीव्ह हॅरिसने 1975 साली बँड उभा केला. दौडता बास, जोडीने वाजणाऱ्या गिटारी आणि चढ्या पट्टीतला गळा ही त्यांची जमीन.

या जमिनीवर 'द रायटिंग ऑन द वॉल' ताजे वाटते. 'हेल ऑन अर्थ' अकरा मिनिटे चालूनही सैल पडत नाही. 'डेथ ऑफ द सेल्ट्स' मात्र त्यांच्याच 1998 च्या 'द क्लॅन्समन'ची आठवण करून देते. तो भरतीचा शेर. प्रत्येक लांब गाण्याची संथ सुरुवातही कंटाळवाणी होते.

2015 मधील कर्करोगाच्या उपचारांनंतर डिकिन्सनने बँडसोबत केलेला हा पहिला अल्बम. आवाज पूर्वीसारखा चढत नाही, पण अर्थ सोडत नाही.

आपले वडीलधारे या संगीताला 'शोर' म्हणतात. तरही मुशायऱ्यात दिलेल्या मिसऱ्यावर चांगला शेर काढणाऱ्याला तेच मनापासून दाद देतात. त्या दादेवर या बँडचाही हक्क आहे.